इतर हक्कांतल्या बहिणी

खंडाप्पा संगाप्पा मगदूम २७ जून १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. मालमत्ता म्हणावी तर दोन घरे, एक जमीन, दोन दुकाने आणि काही जंगम चीजवस्तू. नोव्हेंबर १९६२ मध्ये हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात मुलांविरुद्ध वाटपाचा दावा लावला आणि सात चोविसांश हिस्सा मागितला. खालच्या कोर्टाने एक चोविसांश दिला. प्रकरण मुंबईला गेले, तिथून दिल्लीला गेले आणि एप्रिल १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाईंचा हिशेबच बरोबर होता.

‘गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडाप्पा मगदूम’ हा निवाडा वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला वाचावा लागतो. आईने मुलांविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी आणि पंधरा वर्षे टिकून राहावे, हे त्या काळी सोपे नव्हते. त्याबद्दल हिराबाईंचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच निकालपत्रात तिन्ही मुलीही आहेत, प्रतिवादी क्रमांक तीन ते पाच म्हणून. त्यांच्या वाट्याला प्रत्येकी एक चोविसांश आला. भावांना प्रत्येकी सात, आईला सात, बहिणींना एकेक. त्या एकावर वाद झाला नाही, कारण कायदाच तेवढा होता.

सातास एक हे प्रमाण आले कुठून, याचा माग काढायचा तर नऊशे वर्षे मागे, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत जावे लागते. आजचे बसवकल्याण ते हेच. सहावा विक्रमादित्य गादीवर असताना विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिचा गाभा असा की वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मताच उभा राहतो. बाप मरायची वाट पाहावी लागत नाही आणि बापाला एकट्याच्या मर्जीने ती मिळकत विकून खाताही येत नाही. बंगालात जीमूतवाहनाने ‘दायभागा’त याच्या उलट मांडले. तिथे बाप असेपर्यंत मालक बापच. मिताक्षरेचा नियम घराला सांभाळणारा होता यात शंका नाही. पण जन्माने हक्क मिळणाऱ्यांच्या यादीत मुलगी नव्हती. ती जन्माला येऊन घरात राहायची आणि मिळकतीच्या बाहेर असायची.

आपल्याकडे मिताक्षरेच्या जोडीला आणखी एक ग्रंथ चालत असे, आणि त्याची हकिगत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. पैठणचे एक भट्ट घराणे काशीला जाऊन स्थायिक झाले होते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. सतराव्या शतकात याच घराण्यातल्या नीलकंठभट्टाने भगवंतदेव नावाच्या एका बुंदेल्या राजाच्या आश्रयाने बारा ‘मयूख’ लिहिले. त्यांतला ‘व्यवहारमयूख’ म्हणजे दिवाणी कायदा. पुढे इंग्रजांची न्यायालये आली तेव्हा मुंबई इलाख्यात या ग्रंथाला विलक्षण वजन आले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मिताक्षरेशी मतभेद झाला तर मयूख वरचढ; पुणे, नगर, खानदेशात दोघे बरोबरीचे; रत्नागिरीत मिताक्षरेचा शब्द अखेरचा. म्हणजे बहिणीला वारस म्हणून कितवी जागा मिळेल, हे भाऊ कोणत्या जिल्ह्यात राहत होता यावरही ठरायचे. हा मयूख पुढे मुंबईत वकिली करणाऱ्या पांडुरंग वामन काण्यांनी संपादित केला. तेच पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहून भारतरत्न झाले.

मुंबई इलाख्याचा हा कायदा बाईच्या बाबतीत इतर प्रांतांपेक्षा सैल हाताचा होता. मद्रासकडे किंवा बंगालात मुलीला बापाची मिळकत मिळाली तरी ती हयातीपुरती. तिच्या मागे ती बापाच्या पुरुष वारसांकडे परत जायची. इकडे मुलीला मिळाले की ते पूर्ण मालकीने मिळाले. ती विकू शके, देऊ शके. बहिणीलाही नीलकंठाने वारसांत जागा दिली आणि प्रिव्ही कौन्सिलनेही ती मान्य केली. विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, आणि त्यामुळे मेलेल्या भावाच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्या दिरांची झोप उडालेली असे. मुंबई हायकोर्टाच्या जुन्या निवाड्यांत दत्तकाचे दावे ढिगाने सापडतात त्याचे कारण हेच.

पण या उदारपणाला एक अट होती. मुलीची पाळी यायची ती मुलगा नसेल तर, आणि विधवाही नसेल तर. शिवाय मिळकत एकत्र कुटुंबाची असेल तर हा सगळा वारसाहक्कच गैरलागू. तिथे मेलेल्या भावाचा हिस्सा जिवंत राहिलेल्या भावांत आपोआप मिसळून जाई. कुळंबी शेतकऱ्याच्या घरात जमीन एकत्र कुटुंबाचीच असणार हे धरूनच चालायचे. त्यामुळे मयूखाचा उदारपणा पुस्तकात राहिला आणि शेतात मिताक्षरा नांदली.

पहिली फट पाडली ती मुंबईच्या एका शस्त्रवैद्याने. डॉ. गोपाळराव देशमुख हे मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांनी हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचे विधेयक आणले. त्यांचा मूळ विचार बायको आणि मुलगी दोघींचा होता. समितीत गेल्यावर मुलगी गळली आणि उरली विधवा. १९३७चा कायदा आजही ‘देशमुख कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्शाइतका हक्क दिला, तोही हयातीपुरता. आणि मग १९४१मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला की शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय असल्याने हा कायदा प्रांतांतल्या शेतजमिनीला लागूच होत नाही. खेड्यात राहणाऱ्या विधवेला या कायद्याने दिले ते एवढेच. पुढे प्रांतांना वेगळे कायदे करून ही उणीव भरून काढावी लागली.

त्याच वर्षी, १९४१मध्ये, सरकारने बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली. तिच्यावर पुण्याचे जगन्नाथ रघुनाथ घारपुरे होते. पुण्याच्या लॉ कॉलेजचे पहिले प्राचार्य ते हेच. मिताक्षरा आणि मयूख या दोहोंची इंग्रजी भाषांतरे त्यांनी केली होती. जुना ग्रंथ घरात आणि नवा मसुदा टेबलावर, अशी त्यांची स्थिती. बडोद्याचे राजरत्न वासुदेव विनायक जोशीही पहिल्या समितीत होते. १९४४मध्ये समिती पुन्हा बसली, देशभर हिंडली, साक्षी घेतल्या. काही ठिकाणी निदर्शने झाली. मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता.

तो निम्म्याचा पूर्ण झाला डॉ. आंबेडकरांच्या काळात. कायदामंत्री म्हणून त्यांनी विधेयक प्रवर समितीकडे नेले आणि तिथून मुलीचा वाटा मुलाइतका होऊन आला. एवढेच नव्हे, मिताक्षरेचा जन्मसिद्ध हक्कच काढून टाकावा असे त्या विधेयकात होते. बापाची मिळकत बापाची. तो गेल्यावर सगळ्या लेकरांची सारखी. याहून साधा नियम सुचणे कठीण. पण विरोध नेमका याच साधेपणाला होता. घटस्फोट आणि एकपत्नीत्व यांवर सभागृहात जेवढा धर्म आठवला, त्याहून अधिक तो जमिनीवर आठवला असे मला ते वादविवाद चाळताना वाटत आले आहे. मुलीला वाटा दिला तर शेताचे तुकडे होतील, जावई गावात येऊन बसेल, भावाबहिणींत वैर येईल, हे युक्तिवाद तेव्हाचे. चार मुलगे असलेल्या घरात शेताचे चार तुकडे होतातच, याची काळजी मात्र कोणी केल्याचे दिसत नाही. सप्टेंबर १९५१मध्ये चार कलमे मंजूर झाल्यावर विधेयक गुंडाळले गेले. २७ सप्टेंबरला आंबेडकरांनी राजीनामा दिला.

पुढचे काम पुन्हा एका मराठी माणसाकडे आले. खानदेशातले हरिभाऊ पाटसकर कायदा खात्याचे मंत्री होते; हिंदू उत्तराधिकार विधेयक त्यांनी संसदेतून पार नेले. १७ जून १९५६ रोजी त्याचा कायदा झाला. स्त्रीची हयातीपुरती मालकी संपली. तिच्या हातात जे होते त्याची ती पूर्ण मालक झाली. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. एवढे मोठे काम झाले, आणि तरीही सहाव्या कलमात मिताक्षरेचे एकत्र कुटुंब जसेच्या तसे ठेवले गेले. ही तडजोड होती. तिची किंमत सांगलीच्या त्या तीन मुलींनी मोजली.

हिशेब असा चालायचा. बाप मरण्याच्या क्षणाआधी घरात वाटणी झाली असे मानायचे. त्या मानीव वाटणीला बसणार बाप, आई आणि दोन मुलगे. प्रत्येकाला चौथा हिस्सा. मुली पंक्तीला नाहीत. मग बापाच्या एकट्याच्या चौथ्या हिश्शाचे सहा भाग करायचे, बायको आणि पाच लेकरे यांना एकेक. चौथ्याचा सहावा म्हणजे एक चोविसांश. मुलाला आधीचे सहा चोविसांश अधिक हा एक, म्हणून सात. आईलाही तेच. मुलीला फक्त शेवटचा तुकडा. वाद एवढाच होता की आईला मानीव वाटणीतला चौथा हिस्सा खरोखर द्यायचा, की तो नुसता हिशेबापुरता मानायचा. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड म्हणाले, एकदा वाटणी झाली असे मानले की तिचे सगळे परिणाम मानायला हवेत. अर्ध्या वाटेतून परतता येत नाही.

त्याच कायद्याचे तेविसावे कलम आज वाचताना नवल वाटते. राहत्या घरात मुलीचा हिस्सा असला तरी भाऊ वाटणी करून घेत नाहीत तोवर तिने ती मागायची नाही. ती अविवाहित असेल, नवऱ्याने टाकलेली, विभक्त किंवा विधवा असेल तर तिला राहता येईल. म्हणजे माहेरच्या घरात बाईचा पाय टिकायचा तो तिच्यावर संकट आले तरच. शेतजमिनीच्या कूळहक्काला आणि कमाल धारणेलाही हा कायदा शिवत नव्हता. गंमत पाहा, कमाल जमीनधारणेचा कायदा आला तेव्हा जमिनी वाचवण्यासाठी कागदावर भराभर वाटण्या झाल्या. जमीन वाटली तर घर मोडते, हे तत्त्व तेव्हा कोणाच्या आड आले नाही.

गोव्यात या काळात निराळेच चालू होते. पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७०पासून लागू होती. तिच्यानुसार आईबापांना आपल्या मिळकतीचा अर्धाच भाग मृत्युपत्राने मनाजोगता देता येई. उरलेला अर्धा लेकरांचा, मुलगा-मुलगी भेद न करता. मुक्तीनंतरही हा कायदा राहिला. सावंतवाडीत मिताक्षरा आणि पेडण्यात संहिता, मधे एक नदी. मात्र तिकडेही नोटरीसमोर हक्क सोडून देण्याची सोय होती आणि ती वापरली जायची ती बहुतेक मुलींकडूनच.

महाराष्ट्रात लोकांनी कायद्याआधी पाऊल टाकल्याचे एक उदाहरण आहे. १९८६मध्ये शेतकरी संघटनेने चांदवडला महिलांचे मोठे अधिवेशन भरवले. त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपणहून जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावे करून द्यावा. शेकडो गावांत तसे झाले. पण बारकाईने पाहिले तर ही जमीन बायकोला मिळाली, बहिणीला नव्हे. बायकोच्या नावची जमीन घरातच राहते. बहिणीची दुसऱ्याच्या घरी जाते, ही भीती लक्ष्मीमुक्तीलाही ओलांडता आली नाही.

दक्षिणेत केरळने एकत्र कुटुंबच १९७०च्या दशकात रद्द केले. आंध्रने १९८६मध्ये मुलीला जन्माने हक्क दिला, तामिळनाडूने १९८९मध्ये. महाराष्ट्राने ही दुरुस्ती २२ जून १९९४पासून लागू केली, आणि त्यात एक पाचर मारून ठेवली: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही. एकाच आईच्या दोघी मुली, थोरलीचे लग्न मे महिन्यात, धाकटीचे पुढच्या मार्गशीर्षात. धाकटी सहहिस्सेदार, थोरली पाहुणी.

ही पाचर काढली केंद्राच्या दुरुस्तीने. ९ सप्टेंबर २००५पासून मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, मुलाप्रमाणेच जन्माने सहहिस्सेदार झाली. तेविसावे कलम गेले. शेतजमिनीचा अपवाद गेला. फक्त २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्र्या शाबूत राहिल्या. सांगलीचेच उदाहरण नव्या नियमाने सोडवून पाहा: बाप, आई आणि पाच लेकरे मिळून सात हिस्से, बापाच्या सातव्या हिश्शाचे पुन्हा सहा. प्रत्येकाला बरोबर सहावा हिस्सा येतो. मुलीचा एक चोविसांश चौपट झाला.

तरी पंधरा वर्षे घोळ चाललाच. बाप २००५च्या आधी वारला असेल तर काय? २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, बाप आणि मुलगी दोघेही त्या दिवशी हयात हवेत. २०१८मध्ये दुसऱ्या खंडपीठाने आधीच वारलेल्या बापाच्या मुलींना हिस्सा दिला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी विषय मिटवला. हक्क जन्माने आहे, बापाच्या मृत्यूच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. आणि ‘आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली आहे’ हा भावांचा आवडता बचावही कोर्टाने सहजासहजी मान्य करायचा नाही असे ठरवले. त्याला सरकारी कागदाचा भक्कम पुरावा हवा.

इथवर कायद्याचा इतिहास. सातबाराचा इतिहास वेगळा आहे. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असे लिहिलेले आढळते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या नावाआड बाकीच्यांचे हक्क झाकलेले असायचे, आणि दोन पिढ्यांनी त्याची मुले म्हणायची की जमीन आमच्याच बापाची. बाप वारला की वारसनोंद होते. तलाठी फेरफार घालतो, मंडळ अधिकारी मंजूर करतो. मुलांची नावे कब्जेदार सदरी लागतात आणि मुलींची जातात ‘इतर हक्क’ या रकान्यात, जिथे सोसायटीचा बोजा, विहिरीतला पाण्याचा हिस्सा, बँकेचे कर्ज असते. मिताक्षरेने जे केले तेच तलाठ्याच्या दप्तराने चालू ठेवले, फक्त रकाना बदलून. कायद्याने पाहिले तर सातबाराची नोंद महसुलासाठी असते, मालकी तिने ठरत नाही. इतर हक्कांत नाव असले म्हणून बहिणीचा हिस्सा कमी होत नाही. पण हे बहिणीला सांगतो कोण?

त्यापुढची पायरी हक्कसोडपत्र. वडिलार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या लाभात सोडायचा तर महाराष्ट्रात २०२४पर्यंत वर्षानुवर्षे दोनशे रुपयांचा मुद्रांक पुरत असे. तीच जमीन विकत द्यायची तर बाजारभावाच्या टक्केवारीने शुल्क. बहिणीने हक्क सोडणे राज्याने इतके स्वस्त ठेवले. वडिलांचे दिवसकार्य आटोपले की सगळे एकत्र आलेलेच असतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गाडी करून जायचे, अंगठा किंवा सही, फोटो, आणि परत येऊन साडीचोळी. कित्येक बहिणी समजून-उमजून, भावावरच्या मायेने सही करतात. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्याला नाव ठेवायचे कारण नाही. पण हक्क मागितला तर माहेर तुटेल या धाकाने केलेली सही आणि मायेने केलेली सही कागदावर सारखीच दिसते. महामार्गाला जमीन जाते, भरपाईचा आकडा वर्तमानपत्रात येतो आणि मग दहा वर्षांपूर्वीच्या त्या सहीची आठवण होते. तोवर उशीर झालेला असतो. नोंदलेला दस्त फसवणुकीने झाला म्हणून रद्द करून मागायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि ती फसवणूक सिद्ध करण्याचा भार बहिणीवरच असतो.

तेव्हा या लेखाच्या वाचकांत ज्या कोणाच्या बहिणी, ज्या कोणाच्या लेकी असतील त्यांना एकच सांगणे. वडील गेल्यावर कोणत्याही कागदावर सही करण्याआधी गावातला आठ-अ, सगळ्या गटांचे सातबारे आणि वारसाचा फेरफार मागून घ्या. हे आता घरबसल्या ऑनलाइन निघते. आपले नाव कब्जेदार सदरी आहे की इतर हक्कांत, ते पाहा. इतर हक्कांत असेल तर कब्जेदार सदरी लावून घेण्याचा अर्ज आधी द्या. हक्क सोडायचा की ठेवायचा, ते त्यानंतर ठरवा.